'पम्पकिन स्पाइस ब्रेड' म्हणजे भोपळ्याचा पाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या शरद ऋतूतील खाण्यापिण्याविषयी आलेल्या मजकुरात 'पम्पकिन स्पाइस ब्रेड'चा उल्लेख 'भोपळ्याचा पाव' असा झाला आहे. चूक लहान दिसते, पण अमेरिकेतल्या किराणा दुकानात हा पाव पहिल्यांदा उचलणारी मराठी माणसे नेमकी याच समजुतीने फसतात. कोणी भोपळ्याची चव येईल म्हणून घेतो, त्याला लागते दालचिनी. कोणी न्याहारीचा पाव म्हणून घेतो, त्याच्या हाती येतो केक. मग पदार्थाला नावे ठेवली जातात आणि उरलेला पाव कचऱ्यात जातो. अमेरिकेतल्या बेकऱ्यांत हेच पदार्थ रोज बनवणारे आम्ही काही मराठी लोक आहोत, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी नावाचा उलगडा. 'पम्पकिन स्पाइस' हा मसाला आहे. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस यांची ही पूड. काही जण जायपत्रीही घालतात. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भोपळ्याचा जो 'पाय' (मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करतात, त्यात घालण्याचा मसाला म्हणून मूळ नाव 'पम्पकिन पाय स्पाइस'. मॅककॉर्मिक कंपनीने तो तयार मिसळून डबीत विकायला १९३४मध्ये सुरुवात केली. भोपळ्याला अशा मसाल्याची जोड देण्याची रीत मात्र त्याहून जुनी. १७९६मध्ये छापलेल्या अमेरिकन पाककृतींत भोपळ्याबरोबर जायपत्री, जायफळ, सुंठ आणि ऑलस्पाइस येतात. पुढे 'पाय' हा शब्द गळला आणि मसाला कॉफीपासून पावापर्यंत सगळीकडे गेला. स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीचे या मसाल्याचे प्रसिद्ध पेय २००३मध्ये आले. त्यात खरा भोपळा घातला गेला तो २०१५पासून. तेव्हा पाकिटावर 'पम्पकिन स्पाइस' लिहिले आहे एवढ्यावरून आत भोपळा असेलच असे नाही. मसाला आहे, इतकेच त्यातून कळते.

ऑलस्पाइस हा आपल्याकडचा गरम मसाला नव्हे. नावामुळे तो मिश्रण वाटतो, पण ते एकाच झाडाचे वाळवलेले फळ आहे. जमैकाचे ते प्रसिद्ध. वास लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र केल्यासारखा. तो मिळाला नाही तर लवंगेची आणखी एक चिमूट आणि थोडे जायफळ यांवर भागते. गरम मसाला घातला तर जिरे-धण्याचा वास गोड पावात भलताच लागतो.

आता पावाकडे येऊ. दुकानात या नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

पहिली वस्तू म्हणजे ब्रेडच्या रांगेत मिळणारा, यीस्टने फुगवलेला, कापून पाकिटात भरलेला पाव. याच्या कापात मसाला-साखरेची गोल वळकटी दिसते. ती शोभेची नाही. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड यीस्टला मारक असते. भरपूर दालचिनी थेट कणकेत मळली तर कणीक नीट फुगत नाही आणि पाव घट्ट होतो. म्हणून कणीक लाटून तिच्यावर मसाला आणि साखर पसरतात, घट्ट गुंडाळतात आणि साच्यात ठेवतात. गुंडाळी सैल राहिली किंवा मसाल्याखाली लोणी जास्त झाले, तर भाजताना वाफ धरून थर सुटतात, पावात पोकळी पडते आणि टोस्ट करताना काप मधूनच फाटतो. घरी करणाऱ्यांनी लोण्याऐवजी अंड्याच्या पांढऱ्याचा किंवा नुसत्या पाण्याचा हात फिरवावा, आणि साच्यात ठेवल्यावर लांब काडीने पाच-सहा ठिकाणी आरपार टोचावे. पोकळी जवळजवळ पडत नाही.

दुसरी वस्तू बेकरीच्या टेबलावर पारदर्शक डब्यात असते. तिला 'पम्पकिन लोफ' किंवा 'पम्पकिन ब्रेड' म्हणतात. हिच्यात यीस्ट नसते. खायचा सोडा किंवा बेकिंग पावडर असते. इथे अशा पदार्थांना 'क्विक ब्रेड' म्हणतात, पण साहित्याच्या वजनावरून पाहिले तर तो सरळसरळ केक आहे. घरोघरी चालणाऱ्या कृतींत २०० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅमपर्यंत साखर असते. पावाच्या कुठल्याही व्याख्येत हे बसत नाही. भोपळा मात्र याच वस्तूत खरोखर भरपूर असतो, तयार पिठाच्या एकूण वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा. आपल्या पुरवणीने 'भोपळ्याचा पाव' हे नाव फार तर याला द्यावे, वळकटीच्या पावाला देऊ नये.

पाकीट उलटून मागची यादी वाचली की अर्धे काम होते. अमेरिकी नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले नाव बहुधा मैद्याचे आणि त्यापुढे कंसात नायसिन, लोह, फॉलिक ॲसिड वगैरे. ते मैद्याचेच भाग आहेत, त्यांना स्वतंत्र मोजू नये. मग साखर, आणि चांगल्या लोफमध्ये भोपळा तिसरा-चौथा. वळकटीच्या पावात भोपळा शोधताना मीठ कुठे आहे ते पाहावे. यीस्टच्या पावात मीठ मैद्याच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे अख्ख्या पावाच्या एक-सव्वा टक्का असते. भोपळ्याचे नाव मिठानंतर असेल, तर २० औंसांच्या, म्हणजे ५६७ ग्रॅमच्या पाकिटात तो सहा-सात ग्रॅमहून अधिक नाही. गर असेल तर पुरता मोठा चमचाभरसुद्धा नाही. भोपळ्याची पूड लिहिली असेल तर हिशेब थोडा बदलतो, कारण ताज्या भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. एक फट मात्र लक्षात ठेवावी. 'दोन टक्के किंवा त्याहून कमी' असे शब्द आले की त्यांच्यापुढच्या नावांना वजनाचा क्रम लागू नसतो. तिथे मीठ आणि भोपळा दोन्ही असतील, तर कोण जास्त ते यादीवरून ठरत नाही. दोन टक्क्यांच्या आत, एवढेच कळते.

मसाले वेगवेगळे लिहिण्याची सक्ती नाही. नुसते 'स्पाइसेस' चालते. त्यामुळे एखाद्याला लवंग किंवा जायफळ सोसत नसेल तर यादीवरून खात्री होत नाही, कंपनीला विचारावे लागते. केशरी रंगावरूनही भोपळ्याचा अंदाज बांधू नये. तो हळद, पॅप्रिका, ॲनॅटो किंवा 'यलो ५', 'यलो ६' यांतून आलेला असू शकतो. शेवटचे दोन कृत्रिम रंग नावानिशी छापावेच लागतात.

शाकाहारी वाचकांसाठी हा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण 'ब्रेड आहे, चालतो' म्हणून घरी आणलेल्या लोफमध्ये अंडे जवळजवळ नेहमीच असते. वळकटीच्या पावात अनेकदा नसते, पण दूध किंवा ताकाची पूड असू शकते. घटकांच्या यादीखाली 'कंटेन्स' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते, तीत गहू, अंडे, दूध, सोया वगैरे स्पष्ट असते. नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ लेबलवर असे उघड सांगणे बंधनकारक आहे. नववा पदार्थ, तीळ, १ जानेवारी २०२३पासून त्यात आला. कुठे ही वेगळी ओळ नसते, त्याऐवजी यादीतच कंसात नाव दिलेले असते, म्हणून दोन्ही वाचावे. 'मे कंटेन' मात्र ऐच्छिक सूचना आहे. ती नसली म्हणजे त्या कारखान्यात अंडे येतच नाही, असा अर्थ काढू नये. पाव मऊ ठेवायला घालतात ती मोनो-डायग्लिसराइड्स वनस्पतिज की प्राणिज हे यादी सांगत नाही. पाकिटावर वर्तुळातला 'यू' (ज्यू आहारनियम पाळल्याची खूण) आणि शेजारी 'डी' (दुधाचा पदार्थ) किंवा 'पार्व' असेल, तर त्यात प्राण्यांची चरबी नाही असे धरता येते, कारण ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही आणि पार्वमध्ये दोन्ही नसतात. पण पार्वमध्ये अंडे चालते. हे न कळल्याने पुष्कळ घरांत घोळ होतो.

साखरेचा आकडा वाचताना भाग किती ग्रॅमचा धरला आहे ते आधी पाहावे. गोड क्विक ब्रेडसाठी सरकारी प्रमाण ५५ ग्रॅम आहे, साध्या पावासाठी ५० ग्रॅम. १६ औंसांचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा लोफ घेतला तर ५५ ग्रॅमचे आठच काप पडतात, आणि ते बोटभर जाडीचे. घरात हौसेने कापलेला काप सहज ९०–१०० ग्रॅम भरतो. म्हणजे छापलेला आकडा जवळपास दुप्पट करायचा. 'ॲडेड शुगर्स' या ओळीसमोरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम या मर्यादेवर काढलेली असते. मधुमेह असलेल्यांनी 'भोपळा आहे, भाजीच आहे' या समजुतीवर विसंबू नये. किमतीबाबत फळीवरच्या चिठ्ठीतला प्रति औंस दर पाहावा. ४ डॉलरचा १६ औंसांचा लोफ औंसाला २५ सेंट पडतो, ४ डॉलरचेच २० औंसांचे पाकीट २० सेंटला. डब्याच्या आकारावरून हे कळत नाही.

चव घ्यायची तर कोमट करून. गार पावात मसाल्याची सुवासिक तेले हवेत उठत नाहीत, स्निग्धांश घट्ट असतो आणि गोडीही बोथट लागते. डब्यातून काढून तसाच तोंडात टाकलेल्या घासावर कुठल्याही लोफचा निवाडा करू नये, असे आमचे ठाम मत आहे. वळकटीचा पाव टोस्टरमध्ये मध्यमपेक्षा एक खूण खाली भाजावा. वळकटीतली साखर मैद्याआधी जळते. पाघळलेली साखर टोस्टरच्या तारांवर पडते, म्हणून खालचा ट्रे लगेच झटकून घ्यावा. लोफचा काप उभ्या टोस्टरमध्ये घालू नये, तो तुटून आत अडकतो. त्याला तव्यावर थोड्या लोण्यावर मंद आचेने दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटे, किंवा छोट्या ओव्हनमध्ये ३०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सियसवर, आठ मिनिटे. मायक्रोवेव्हमध्ये दहा-बारा सेकंद पुरेत. त्यापुढे गेले की काप आधी लिबलिबीत आणि दोन मिनिटांत चामड्यासारखा होतो.

लोफचा वरचा भाग बोटाला चिकटतो म्हणून तो बिघडला असे समजू नका. साखर हवेतले आणि आतले पाणी ओढते, आणि बंद डब्यात ती ओल वरच्या पापुद्र्यावर येऊन बसते. तळाशी पिठूळ, ओलसर, चकाकणारी पट्टी दिसली तर मात्र तो कच्चा राहिला आहे किंवा पिठात पाणी जास्त झाले आहे. असा लोफ परत करावा. मध्ये खळगा असेल तर सोडा जास्त किंवा भाजणे कमी. तुरट, साबणासारखी चव आणि नेहमीपेक्षा काळपट रंग ही जास्त सोड्याची खूण. भोपळा फारसा आंबट नसल्याने थोडासा सोडाही उरतो आणि जिभेला लागतो. जीभ बधिर होऊन मागे कडवटपणा राहिला तर लवंग जास्त झाली आहे. लवंगेतले युजेनॉल दातदुखीवर उपयोगी पडते, पावात ते चिमटीतच शोभते.

ज्यांना दुकानी लोफ फार गोड वाटतो त्यांनी घरी करावा, अवघड नाही. अडते ते भोपळ्याच्या गराच्या डब्यापाशी. दुकानात शेजारी शेजारी दोन डबे असतात. 'प्युअर पम्पकिन' घ्यायचा, 'पम्पकिन पाय फिलिंग' नाही. त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो आणि सगळे प्रमाण कोसळते. डब्यातला भोपळा हॅलोविनला कोरतात तो नव्हे. तो पाणचट आणि तंतुमय. लिबीज या ब्रँडचा भोपळा इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावच्या कारखान्यात डबाबंद होतो आणि त्यासाठी डिकिन्सन जातीचे फिकट, लांबट फळ लावतात, जे दिसायला भोपळ्यापेक्षा बटरनट स्क्वॉशच्या (भोपळ्याच्याच कुळातल्या फळाच्या) जवळचे. गोड, सोनेरी गराच्या स्क्वॉशला डब्यावर 'पम्पकिन' म्हटले तर हरकत घ्यायची नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे १९३८पासूनचे धोरण आहे. यात फसवणूक नाही. गर उलट दाट आणि गोड मिळतो. बहुतेक पीक याच एका राज्यात असल्याने तिथे पाऊस बिघडला की साऱ्या देशातल्या फळ्या रिकाम्या होतात. २००९च्या शरदात असेच झाले होते.

१५ औंसांचा डबा ४२५ ग्रॅमचा असतो. एका लोफला त्यातला अर्धा, २१२ ग्रॅम, लागतो. मैदा २०० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, तेल अर्धा कप, अंडी दोन, पाणी पाव कपाहून किंचित जास्त, सोडा सपाट एक चमचा, मीठ अर्धा चमचा, मसाला दोन चमचे. हे चमचे छोटे, पाच मिलीलिटरचे. मसाला घरी मिसळायचा तर दालचिनी नऊ चमचे, सुंठ दोन, जायफळ दोन, ऑलस्पाइस दीड, लवंग दीड. उरलेली डबीत राहते. साखर २०० ग्रॅमच्या खाली नेली तर लोफ फिका पडतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा होतो, कारण ओल धरून ठेवणारी तीच. ओले साहित्य आधी एकजीव करावे, मग कोरडे घालून मैद्याचे पांढरे ठिपके दिसेनासे होताच थांबावे. घोटत राहिलात तर मैद्यातले ग्लुटेन ताणले जाऊन लोफमध्ये उभे बोगदे पडतात आणि तो रबरी लागतो. साडेआठ बाय साडेचार इंची साचा पाऊण भरावा, त्याहून जास्त नको. ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे १७५ सेल्सियसला, ५५ ते ६५ मिनिटे. वरून भेगाळला, तपकिरी झाला एवढ्यावर काढू नका. भोपळ्यामुळे मध्यभाग उशिरा शिजतो. थर्मामीटर असेल तर मध्यात २०० ते २०५ फॅरनहाइट. साच्यात दहा मिनिटे, मग जाळीवर पूर्ण गार. गरम कापला तर सुरीला लगदा लागतो आणि नीट भाजलेला लोफसुद्धा कच्चा वाटतो. अंडी नको असतील तर प्रत्येकी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. गर स्वतःच थोडा बांधून धरतो, त्यामुळे जमते, पण लोफ बसका आणि किंचित चिकट होतो हे धरूनच करावे.

शेवटी साठवणीचे, कारण इथेच बहुतेक पाव वाया जातो. फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला मैद्यातला स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो, आणि पाव बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. बाहेर घट्ट गुंडाळून घरगुती लोफ तीन-चार दिवस राहतो. दुकानचा जास्त टिकतो, कारण त्यात बुरशी रोखणारे पोटॅशियम सॉर्बेट असू शकते. यीस्टच्या पावात सहसा कॅल्शियम प्रोपियोनेट असते, कारण सॉर्बेट यीस्टलाही रोखते. क्रीम चीजचे आयसिंग असेल तर मात्र फ्रिजच, आणि दोन तासांहून जास्त बाहेर नाही. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा पाव टाकावा. तेवढा भाग कापून खाऊ नये. मऊ पावात तंतू दिसतात त्याहून खूप खोल गेलेले असतात.

थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारनंतर, हे सगळे सवलतीत निघते. 'बेस्ट बाय' तारीख दर्जाची असते. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीखेरीज अन्य पदार्थांवर तारीख छापण्याची केंद्रीय कायद्याची सक्ती नाही. उरलेला लोफ कापून, प्रत्येक काप वेगळा गुंडाळून, पिशवीतली हवा काढून शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १८ सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये ठेवला तर दोन-तीन महिने चव टिकते. बेकरीच्या टेबलावरचे कित्येक लोफ गोठलेले येऊन दुकानातच साध्या तापमानाला आणलेले असतात. ते पुन्हा गोठवले तर अपाय नाही, पण भुगा होतो. घेण्याआधी बेकरीतल्या माणसाला तेवढे विचारावे, तो सांगतो.

आपले,
अमेरिकेतील काही मराठी बेकरी व्यावसायिक